बिनशिक्क्याचे बाण

माझ्या बायकोचा उजवा खांदा कोंबड्यांनी खाल्ला. म्हणजे कोंबड्यांच्या कारखान्यानं. निम्मं आयुष्य ती तिथे सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून तंगड्या तोडत होती, आणि एक दिवस हात वर जाईचना. डॉक्टरनं खांदा कापला, शिवला आणि म्हणाला, "बाई, आता जड उचलायचं नाही, जोर लावून ओढायचं नाही."

आर्विलानं विचारलं, "आणि धनुष्य?"

डॉक्टर हसला. त्याला वाटलं, बाई विनोदी आहे.

आमच्या घरात हरणाचं खातं तिचं. मी लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचो, तेव्हापासून तसंच. तिच्या वडलांनी, एनिस यांनी, तिला लहानपणी धनुष्य दिलं, आणि दर पानगळीला ती एक-दोन हरणं घरी आणते. त्यावर आमचा फ्रीझर हिवाळाभर चालतो. मी बंदुकीचा माणूस, आणि तिथेही माझा नेम असा की हरणं मला ओळखतात. पुढे एका ओंडक्यानं माझं खुब्याचं हाड मोडलं आणि मी काठीवर आलो. मग बीन्स शिजवणं आणि मक्याचा पाव भाजणं माझ्याकडे, बाकी सगळं तिच्याकडे.

ऑपरेशननंतर वर्षभरानं तिनं धनुष्य खाली काढलं, ओढ हलकी करायला त्याचे स्क्रू सैल केले आणि दोरी ओढून बघितली. आधी ती पंचावन्न पौंडांची ओढ बोलता बोलता खेचायची. आता चाळीसला दात-ओठ खावे लागत होते.

"चाळीस तर चाळीस," ती म्हणाली.

मी म्हणालो, "चाळीसनं हरीण पडतं का गं?"

"जवळ जाऊन मारलं तर पडतं. आणि बाण बरोबर असला तर."

त्या 'बरोबर' शब्दावरून पुढचं सगळं महाभारत झालं.

आमच्याकडे ब्रायर रिज नावाचा शिकारी क्लब आहे. डोंगराचा एक मोठा तुकडा लाकूड कंपनीकडून भाड्यानं घ्यायचा, सगळ्या घरांनी मिळून वर्गणी भरायची आणि शिकार करायची. एनिस त्या क्लबच्या पहिल्या माणसांपैकी एक. रानाच्या तोंडाशी जे लोखंडी फाटक आहे ना, ते त्यांनीच वेल्डिंग करून बसवलं.

गेल्या हिवाळ्यात क्लबच्या ओढ्याकाठी एक हरणी मरून पडलेली सापडली. खांद्यात मोडका बाण रुतलेला, जखम सडलेली. बरेच दिवस हाल होऊन मेली असणार. बाण अगदी स्वस्तातला होता. कुणाचा ते कुणी कबूल केलं नाही. ज्यांनी ती हरणी पाहिली त्यांना जेवण गेलं नाही, आर्विलालाही नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढच्या भांडणात तिला हरणाची पर्वा नव्हती असं कुणाला वाटायला नको.

ऑगस्टमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये क्लबची सभा भरली. रॉयस टॅकेट अध्यक्ष. गावातलं धनुष्यबाणांचं एकमेव दुकान त्याचंच. माणूस वाईट नाही. माझ्या अपघातानंतर दोनदा जेवण घेऊन आला होता. पण त्याला एकदा वाटलं की आपलं बरोबर आहे, की मग देवही त्याचं मन वळवू शकत नाही.

तो उठून म्हणाला, "त्या हरणीचे हाल पुन्हा व्हायचे नसतील तर नियम पाहिजे. यंदापासून रानात शिरताना प्रत्येकाच्या बाणावर माझ्या दुकानाच्या नारिंगी पट्टीचा शिक्का पाहिजे. मी स्वतः तपासून लावीन."

आमचा शेजारी होबर्ट, ज्याची दाढी बघून लोक त्याला संत समजतात आणि तोंड उघडलं की गैरसमज दूर होतो, तो मागून ओरडला, "शिक्का कुठल्या बाणाला मिळणार?"

"चांगल्या बाणाला."

"आणि चांगला बाण कुठे मिळतो?" आर्विलानं विचारलं. "नाही, सहज विचारते. तुझ्या दुकानात मिळतो का?"

हॉलमध्ये हशा पिकला. रॉयसचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "मिळतो. सहाचा संच एकशे ऐंशीला. टोकाचे फाळ वेगळे. स्वस्त बाण म्हणजे जुगार आहे, आर्विला. पैसे तुझे, पण हाल हरणाचे."

एकशे ऐंशी डॉलरात आमच्या घरी दोन आठवड्यांचा किराणा येतो. मी खुर्चीत चुळबुळलो. आर्विला मात्र उभी राहिली.

"त्या हरणीला कुणी मारलं, माहीत आहे?"

"ते माहीत असतं तर..."

"किती लांबून मारलं, माहीत आहे? हरणी उभी होती की पळत होती? मारणारा शुद्धीत होता की दोन बाटल्या रिचवून बसला होता? यातलं काहीच माहीत नाही. पण दोष बाणाचा, हे मात्र पक्कं! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं तुझं. नेम लागेना, बाण स्वस्त!"

"हे बघ," रॉयस समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुझा खांदा असा. तुझी ओढ कमी. तुलाच हलका, वेगवान बाण पाहिजे. मी तुला हप्त्यानं देतो. नाहीतर बंदुकीसारखा घोडा दाबायचं आडवं धनुष्य घे. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणाचं मी बोललेच नाही. आणि हलका बाण मला काय कामाचा? खिळा ठोकायला पेन्सिल जोरात फेकून चालत नाही, हातोडा लागतो. मला जड बाण पाहिजे, आत घुसणारा. तो मी माझा बनवते. बापाच्या वेळेपासून बनवते. तुझा हप्ताही नको आणि तुझे बाणही नकोत."

बराच गोंगाट झाला. शेवटी कुणीतरी तोडगा काढला: सप्टेंबरात मैदानावर परीक्षा घ्यायची. ज्याला दुकानातले बाण नको असतील त्यानं आपले आणावेत. चाळीस यार्डांवरून तीन बाण मारायचे, तिन्ही जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत लागले तर शिक्का मिळेल. रॉयसनं मान डोलावली. आर्विलाही "ठीक" म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तू चाळीसवर कधी मारलंयस?"

"कधीच नाही."

"मग ठीक कशाला म्हणालीस?"

"तिथे सगळे असतील. मला बोलायचंय."

दुसऱ्याच दिवशी ती मला शेतीसामानाच्या दुकानात घेऊन गेली. तिथे मागच्या बाजूला, घोड्यांच्या खाद्याच्या पोत्यांपलीकडे, गेल्या हंगामातल्या उरलेल्या मालाचं एक पिंप असतं. त्यात सुटे बाण उभे करून ठेवलेले होते, सहा डॉलरला एक. गल्ल्यावरची मेव्हिस म्हणाली, "आर्विला, ते लोक टोमॅटोच्या रोपांना आधाराला नेतात."

"टोमॅटोला चालतात म्हणजे सरळ असणार," आर्विला म्हणाली.

मग तिनं जे केलं त्याला आमच्या मागे लागलेली रांग साक्षीदार आहे. प्रत्येक बाणावर ताठपणाचा आकडा छापलेला असतो. एकाच आकड्याचे तेवढे तिनं बाजूला काढले. "महाग असो की फुकट, वेगवेगळ्या ताठपणाचे बाण एका भात्यात म्हणजे वेगवेगळ्या दिशेला जाणारी भावंडं," असं ती म्हणते. मग एकेक बाण गल्ल्याच्या काचेवर लोटायचा आणि डोळा काचेला लावून बघायचं. थरथरला की परत पिंपात. जो गुपचूप घरंगळला तो हातात घेऊन कानापाशी हलकासा वाकवायचा. आतून बारीक कट् असा आवाज आला की त्याला चीर गेलेली, तो मेव्हिसच्या हातात: "हा विकू नकोस कुणाला. धनुष्यावर फुटला तर कुणाच्या तरी हातात घुसेल."

"कॉफी आणू का तुला?" रांगेतल्या एकानं वैतागून विचारलं.

"आण ना. साखर नको," ती म्हणाली.

घरी आल्यावर आमचं जेवणाचं टेबल गेलं. होबर्ट काडतुसं घरी भरतो, त्याच्याकडचा बारीक वजनाचा काटा आणला. सगळे बाण तोलले. वजनाला सारखे ते एका बाजूला, हलके-भारी निघाले ते सरावाला. पुढच्या टोकात तिनं पितळेचे तुकडे बसवले, म्हणजे डोकं जड. मागची प्लास्टिकची पिसं तासून काढली आणि वसंतात मारलेल्या रानटर्कीच्या पंखांची पिसं चिकटवायचं काम माझ्याकडे आलं. डिंक बोटांना, बोटं दाढीला.

"डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची एकत्र लावू नकोस," तिनं बजावलं.

"का? भांडतात?"

"आपल्यासारखी."

फाळ तिनं चर्चमधल्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणले, साधे दुधारी, एकसंध पोलादाचे, गंजलेले. ते कानशीनं आणि मग दगडावर घासत ती संध्याकाळभर बसायची, आणि धार बघायला माझा हात. त्या पानगळीला माझ्या डाव्या हातावर एक केस उरला नाही.

मागच्या अंगणात खाद्याचं पोतं जुन्या कपड्यांनी ठासून तिनं निशाण केलं. त्यात माझा लग्नातला कोट गेला हे मला फार उशिरा कळलं. रोज मारायची, थोडेच, पण रोज. पंधरा यार्डांवर बाणाशेजारी बाण बसायचा. वीसवरही. एक बाण मात्र कितीही केलं तरी डावीकडे पळायचा. दोनदा मागची दोरीची खाच फिरवून बघितली, पिसं बदलली. तिसऱ्यांदा पळाला तसा तिनं तो गुडघ्यावर घेऊन मोडला.

"अगं, सरावाला ठेवायचा की!" मी म्हणालो.

"घरात ठेवला की एक दिवस चुकून भात्यात जातो. मग तुझा रॉयस खरा ठरतो."

परीक्षेच्या दिवशी मैदानावर जत्रा. कुणीतरी डोनट आणलेले, मुलं गवताच्या गाठोड्यांवर चढलेली. स्वतःचे बाण घेऊन आलेली एकटी आर्विलाच. बाकीच्यांनी एकतर शिक्के घेतले होते, नाहीतर आर्विलाचं काय होतं ते बघायचं ठरवलं होतं.

ती चाळीसच्या रेषेवर उभी राहिली. पहिला बाण ताटलीत. कुणीतरी शिट्टी मारली. दुसरा ताटलीच्या काठाबाहेर, बोटभर. तिसऱ्याला तिचा खांदा थरथरला. मला तो दुरून दिसला. बाण खाली गवतात गेला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. रॉयस पुढे आला, हळू आवाजात म्हणाला, "झालं, आर्विला. तू प्रयत्न केलास."

"झालं नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "मी नापास. सगळ्यांनी बघितलं, मलाही मान्य. आता मला सांगा. चाळीसवरून मी हरणावर बाण सोडला, असं इथे कुणी कधी पाहिलंय?"

ती धनुष्य टेकवून लोकांकडे वळली.

"सोडलेला नाही आणि सोडणार नाही. चाळीसवर बाण पोचेपर्यंत हरीण एक पाऊल टाकतं, आणि काळजात जाणारा बाण पोटात जातो. ती ओढ्यावरची हरणी अशीच मेली असेल, मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मग मला पंधरावर का नाही उभं केलंत? वीसवर का नाही? नियमच करायचा आहे ना, रॉयस? मग असा कर, की वीसच्या पुढून कुणीच बाण सोडायचा नाही. कितीही महाग बाण असो. या नियमाला पहिला हात माझा."

रॉयस गडबडला. "असं कसं? लोकांनी एवढं सामान घेतलंय लांबचं मारायला..."

"कुणाकडून घेतलंय?" होबर्टनं विचारलं.

हशा झाला खरा, पण हशानं मतं मिळत नाहीत. पैसे मोजून बसलेल्या माणसाला आपला पैसा फुकट गेला असं कुणी सांगितलेलं आवडत नाही. मतं घेतली. रॉयसचा नियम मंजूर. विरोधात हात मोजकेच होते, आणि मोजक्यांतलेही काही अर्धेच वर गेलेले.

आर्विलानं खिशातून फाटकाची किल्ली काढली आणि डोनटच्या खोक्याशेजारी ठेवली.

"आर्विला, तुझ्या वडलांचा क्लब आहे हा," रॉयस म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एक संच घे ना. सरळ भेट म्हणून घे माझ्याकडून."

"भीक मागायला आले असते तर हात पसरून आले असते. मी धनुष्य घेऊन आले होते."

घरी येताना मी न राहवून म्हणालो, "रान गेलं गं आपलं."

"रान नाही गेलं, डेन्झिल. फाटक गेलं."

क्लबच्या हद्दीपलीकडे सरकारी जंगल आहे, स्टिलहाउसची घळ म्हणतात. कुणालाही मोकळं. पण तिथे कुणी जात नाही, कारण उतार असा की उतरताना टाचा आणि चढताना गुडघे नाकाला लागतात. हरीण मारलं तरी वर कोण आणणार? हंगाम उघडला तसा मी तिला पहाटे घळीच्या तोंडाशी सोडायचो आणि थर्मास घेऊन ट्रकमध्ये बसायचो. ती खांद्यामुळे मचाणावर चढत नव्हती. एका पडलेल्या झाडाच्या मुळांआड, ओकच्या फळांच्या सड्याजवळ बसायची.

दिवस गेले. ती रिकाम्या हातानं यायची. पेट्रोलपंपावर माझी रोज शोभा.

"काय डेन्झिल, बायकोनं टोमॅटो लावले की नाही?"

"लावले. तुझ्या बाणांचे हप्ते फिटले की टोपलीभर आणून देतो."

बोलायला मी कमी नव्हतो, पण आतून खचत होतो. फ्रीझरचा तळ दिसायला लागला होता.

एक दिवस ती खाली आली तेव्हा खांदा धरून होती. मला वाटलं पडली. म्हणाली, "नर आला होता. बापाच्या भिंतीवर मुंडकं होतं ना, तेवढी शिंगं. आडवा उभा राहिला, तीसवर. मी ओढलं. धरून ठेवलं. तो काही जवळ येईना. मग सोडून दिलं."

"बाण सोडलास?"

"दोरी सावकाश परत नेली. त्यातच खांदा गेला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, मारायचा होतास! तीस म्हणजे काय लांब? सगळ्या गावाचं तोंड बंद झालं असतं!"

तिनं ट्रकचं दार उघडं तसंच ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "गावाचं तोंड बंद करायला मी हरीण मारत नाही. आणि तू असं बोलणार असशील तर उद्यापासून मी चालत येईन."

"खांदा दुखतोय तुझा, बस आत."

"आधी कबूल कर."

पाऊस भुरभुरत होता. सीट भिजत होती. मी कबूल केलं. तेव्हा कुठे बसली.

त्यानंतर चारेक दिवस तिनं शेक घेत काढले. पुन्हा गेली त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं तरी तिचा पत्ता नाही. मी दोनदा हॉर्नवर हात नेला आणि मागे घेतला. मग ती झाडीतून आली, टोपी हातात, केसांत पानं. बाण माझ्यापुढे धरला. पिसांपर्यंत ओला, लाल. ती टर्कीची पिसं माझ्या हातची होती, हे मला एकदम आठवलं.

"हरणी," ती म्हणाली. "खात खात आली. इतकी जवळ की पापण्या दिसत होत्या. बाण इकडून तिकडे जाऊन पलीकडे मातीत उभा. तिला कळलंही नसेल. दोन उड्या मारल्या, थांबली, मागे वळून बघितलं आणि खाली बसली."

"मग इतका वेळ काय करत होतीस?"

"बसले होते तिच्यापाशी."

आता प्रश्न आणायचा. तिचा एक खांदा निकामी, माझा एक खुबा. दोघांत मिळून तीन हात, तीन पाय. त्या विचारानं आम्हाला असं हसू फुटलं की ट्रकला धरून उभं राहावं लागलं. मग होबर्टला फोन केला. तो आला, त्या दोघांनी खाली जाऊन हरणी जागेवरच सोलली, तुकडे केले आणि पाठीवरच्या पिशव्यांतून फेऱ्या करून वर आणली. मी वरून सूचना देत होतो. त्या कुणी ऐकल्या नाहीत.

परतीचा रस्ता क्लबच्या फाटकावरून जातो. तिथे दोन-तीन गाड्या उभ्या होत्या, आणि रॉयस रस्त्यात येऊन हात करत होता. चेहरा उतरलेला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलात. त्यानं आमच्या ट्रकमधल्या पिशव्या बघितल्या आणि होबर्टकडे वळला.

"होबर्ट, तुझी कुत्री आहे का घरी? वास काढणारी? काल संध्याकाळी मी एका नरावर बाण मारला. रक्त थोडंसं दिसलं, मग नाहीच. सकाळपासून शोधतोय."

होबर्टच्या दाढीत हसू पसरायला लागलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात आर्विलानं विचारलं, "किती लांबून?"

रॉयसनं पॅन्टवरचा चिखल झटकला.

"चाळीस?"

"पन्नास असेल," तो म्हणाला. "शांत उभा होता, आर्विला. अगदी शांत उभा होता. बाण सुटल्यावर हलला."

मी वाट बघत होतो. मला वाटलं आता ती सुनावणार. सुनावायला हवं होतं असं अजूनही मला वाटतं. पण ती होबर्टकडे वळली. "जा, कुत्री घेऊन ये."

"या माणसासाठी?" होबर्ट म्हणाला.

"हरणासाठी. हरणानं काही त्या नियमाला हात वर केला नव्हता."

कुत्री आली. सगळे फाटकातून आत निघाले. रॉयसनं फाटक धरून ठेवलं आर्विलासाठी. ती रस्त्यावरच उभी.

"ये ना," तो म्हणाला. "तुझी नजर चांगली आहे. रक्त तूच ओळखशील."

"मी सभासद नाही. माझ्याकडे शिक्का नाही."

"आर्विला, आता कशाला..."

"नियम तुझा आहे. तू मोड, मी मोडणार नाही."

आणि खरंच ती आत गेली नाही. दुपारभर फाटकाबाहेर ट्रकला टेकून उभी राहिली. मी आत बसून म्हणालो, पाय दुखतील, बस. बसलीही नाही. शेवटी लांबून कुत्रीचं भुंकणं आलं. नर झुडपांच्या जाळीत पडलेला सापडला, पोटात बाण, जिवंत. रॉयसनंच त्याला संपवलं. बाहेर आला तेव्हा बाण हातात होता. बाणावर नारिंगी शिक्का तसाच होता, मी बघितला.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, रॉयस आमच्या दारात आला. हातात घरी भाजलेला सफरचंदाचा गोड पाय आणि कोटाच्या खिशात नारिंगी पट्ट्यांची गुंडाळी. टेबलाशी बसला. मी हरणाच्या मांसाची चिली, म्हणजे आमचा तिखट रस्सा, वाढली. त्यानं दोनदा घेतली.

मग म्हणाला, "कमिटीनं ठरवलंय. एनिसची मुलगी म्हणून तुला कायमची सूट. तुझ्या बाणांना मी आत्ताच शिक्का लावतो. ही तुझी किल्ली."

"आणि होबर्टच्या बाणांना?"

"तुझ्यापुरतं आहे हे."

"शाळेत जेवण बनवणारी लोरीन आहे, ती माझ्याच पिंपातले बाण घेऊन गेली परवा. तिला?"

"तुझ्यापुरतं, आर्विला. समजून घे. सगळ्यांना सूट दिली तर नियम कुठे राहिला?"

"तेच तर म्हणतेय मी ऑगस्टपासून." तिनं किल्ली टेबलावरून त्याच्याकडे सरकवली. "ही घेऊन जा. तो सफरचंदाचा पाय मात्र ठेव."

रॉयस उठला, दाराशी थांबला. "त्या दिवसाबद्दल तू गावात काही बोलली नाहीस. त्याबद्दल आभार मानायचे होते."

"मी नाही बोलले. डेन्झिलनं सगळ्यांना सांगितलं."

रॉयसनं माझ्याकडे बघितलं. मी पायचा तुकडा कापण्यात फार गुंतलो होतो.

नियम अजून आहे. ब्रायर रिजच्या रानात अजूनही नारिंगी शिक्क्याशिवाय शिरता येत नाही, आणि अध्यक्ष अजून रॉयसच आहे. या वर्षी काही जणांनी वर्गणी भरली नाही, इतकंच. होबर्टनं नाही भरली, लोरीननं नाही. आणखी दोन घरं आहेत. ती सगळी शनिवारी दुपारी आमच्याकडे येतात, आपापले बाण घेऊन, आणि माझ्या टेबलावर पुन्हा काटा मांडला जातो. आर्विला कुणाचे लाड करत नाही. लोरीनचा निम्मा भाता तिनं नापास केला. लोरीन रडली, आणि पुढच्या शनिवारी नवे निवडून घेऊन आली.

काल मेव्हिसचा फोन आला. पिंपातल्या बाणांना गिऱ्हाईक फार झालं म्हणून नव्या मॅनेजरनं भाव दोन डॉलरनं वाढवला. आर्विलानं फोन ठेवला, कोट घातला आणि मला गाडी काढायला लावली.

आत्ता मी दुकानासमोर ट्रकमध्ये बसलोय. काचेतून ती दिसतेय, गल्ल्यापाशी. समोर तरुण मॅनेजर, गळ्यात टाय, हात जोडल्यासारखे छातीशी. मेव्हिस पाठ फिरवून हसतेय. आर्विलानं पिंपच ओढत पुढे आणलंय आणि एकेक बाण काढून काचेवर लोटायला सुरुवात केलीय, त्याला दाखवायला की यातले किती त्याला विकताच येणार नाहीत.

मी इंजिन बंद केलं. हे लवकर आटपणारं नाही.